निम्मं स्कॉटलंड

स्पर्धा मैत्रीपूर्ण आहे हे फलकावर दोनदा लिहिलं होतं. एकदा वर ठळक अक्षरांत, आणि एकदा खाली, कुणाला वरचं दिसलं नाही तर म्हणून. शिला राठोडनं दोन्ही वेळा वाचलं आणि ती सावध झाली. नऊ वर्षं संस्थेत काढल्यावर एवढं कळतंच, की जिथं खरोखर मैत्री असते तिथं कुणी तिचा फलक रंगवून घेत नाही.

दोन मैत्रींच्या मधोमध मजकूर होता: ‘चला, ब्रिटन ओळखू या. भूगोल व प्रेक्षणीय स्थळे. प्रमुख पाहुणे चि. शिवशंकर, बर्मिंगहॅम.’

आता हिंगोली जिल्ह्यातल्या गोरेगावपासून जीपनं पंधरा मिनिटांवरच्या शाळेत पोरांनी ब्रिटन काहून ओळखायचं, हे कुणी विचारलं नाही, कारण उत्तर सगळ्यांना माहीत होतं. संस्थेचे अध्यक्ष व्यंकटराव, ज्यांना सगळा गाव अण्णा म्हणतो, त्यांचा एकुलता एक मुलगा सात वर्षांपासून बर्मिंगहॅमला कॉम्प्युटरच्या नोकरीत होता आणि यंदा संक्रांतीला गावी आला होता. तो जर्मनीला असता तर पोरांनी जर्मनी ओळखला असता. सेनगाव तालुक्याच्या नकाशावर आपलं स्वतःचं गाव कुठं आहे हे अर्ध्या वर्गाला दाखवता येत नव्हतं, पण त्याला इलाज नव्हता. आपल्याच गावाहून कुणी प्रमुख पाहुणा म्हणून येत नसतो.

शिलाला ब्रिटनचं वावडं नव्हतं. ती एम.ए. भूगोल, बी.एड.; भिंतीवर नकाशा टांगला की तिचा आवाज बदलायचा, मग देश कुठलाही असो. तिला संताप होता तो स्पर्धेच्या बक्षिसाचा. बक्षीस ती स्वतः होती.

झालं असं, की शाळेत भूगोलाला दोन शिक्षक, आणि दोघंही तासिका तत्त्वावर. तासिका तत्त्व म्हणजे माणूस वर्षानुवर्षं तोच आणि नोकरी पंचेचाळीस मिनिटांची. एक शिला. दुसरा प्रज्ञेश, अण्णांच्या सख्ख्या बहिणीचा मुलगा, तीन वर्षांपूर्वी लागलेला. येत्या जूनपासून एक तुकडी बंद होणार होती आणि तास उरणार होते एकाच माणसापुरते. पुरे तास घेऊन सलग दहा वर्षं झाली की कायम करायचा प्रस्ताव पाठवू, हे अण्णा शिलाला नऊ वर्षं सांगत आले होते. जूनमध्ये दहावं लागणार होतं. म्हणजे पुरे तास मिळाले तर लागणार होतं.

“आपल्याला कुणावर अन्याय करायचा न्हाई,” अण्णा कार्यालयात म्हणाले होते. “पोरांचीच स्पर्धा लावू. तुमच्या दोन पोरी, प्रज्ञेशचे दोन पोरं. ज्याचे जितले त्याला पुरे तास. एकदम मैत्रीपूर्ण.”

“आणि मी नऊ वर्षं शिकवलं ते, अण्णा?”

“त्याचाच तर उपयोग होईन ना मॅडम, स्पर्धेत.”

शिलानं हजेरीपटावर सही केली तेव्हा कागद फाटला, एवढंच. दुसऱ्या दिवसापासून तिनं दहावीतल्या पुजाला आणि नववीतल्या दिपाला शाळा सुटल्यावर थांबवून घ्यायला सुरुवात केली. पुजा शिलाच्याच तांड्यावरची. पोरगी हुशार, पण हुशारीची सवय नसलेल्या घरातली, त्यामुळं बरोबर उत्तर देतानासुद्धा आधी माफी मागितल्यासारखं बघायची. शिलानं महिनाभरात तिला नद्या, डोंगर, पूल सगळं शिकवलं. पण खरी मेहनत घेतली ती माफी काढून टाकायला.

प्रज्ञेशनं काय शिकवलं ते माहीत नाही. तो वाईट माणूस नव्हता. पुस्तक मोठ्यानं वाचून दाखवायचा आणि नकाशाच्या फार जवळ जायचा नाही.

स्पर्धेला पंच तीन नेमले होते. एक अण्णा. दुसरा शिवशंकर. तिसरे ग्यानोबा मामा.

ग्यानोबा मामा पंच्याहत्तरीचे, चौथी शिकलेले. पण पंचक्रोशीत वाटणी असो, बांध असो, विहिरीच्या पाण्याची पाळी असो, तोड काढायला मामाच लागतात. तोड म्हणजे दोघांनाही थोडं थोडं देऊन भांडण मिटवायचं. मामांचं म्हणणं असं, की न्याय केला तर एक घर रडतं आणि तोड काढली तर दोन्ही घरं कुरकुरतात, कुरकुरलेलं बरं. पन्नास वर्षांत त्यांच्यापुढं एकही माणूस हरला नव्हता. जिंकलाही नव्हता. त्यांचा नियम एकच आणि तो कडक: कागद झाला पाहिजे, त्यावर तिन्ही पंचांच्या सह्या पाहिजेत. एक सही अडली तरी मामा तो कागद सगळ्यांसमोर फाडत आणि म्हणत, तोड मोडली, आता ज्याचं जसं आहे तसं.

शिलाला मामांची तोड चांगली ठाऊक होती. तांड्याचा रस्ता अण्णांच्या चुलतभावाच्या वावराला घासून जात होता, तेव्हा मामांनीच तोड काढली होती की रस्ता अर्धा करावा. तेव्हापासून अर्ध्या रस्त्यावर डांबर आहे आणि अर्ध्यावर पावसाळा. तिचे वडील वसराम, तांड्याचे नाईक म्हणजे प्रमुख, त्या कागदावर अंगठा देऊन घरी आले आणि म्हणाले, अर्धा तर अर्धा, काहीच नव्हतं त्यापेक्षा बरं. शिला तेव्हा अकरावीत होती. या वाक्याचा राग तिला अजूनही यायचा, आणि वडील जाऊन चार वर्षं झाली होती.

शनिवारी सकाळची शाळा संपल्यावर सगळ्यांना सभागृहात बसवलं. पत्र्याखाली ऊब धरली होती. भिंतीवर, सरस्वतीच्या शेजारी आणि सरस्वतीपेक्षा थोडा मोठा, शिवशंकरचा फोटो: निळं जाकीट, मागं ढग, खाली रंगवलेली ओळ, ‘ब्रिटनच्या सर्वोच्च शिखरावर चि. शिवशंकर’. खुद्द शिवशंकर फोटोखालीच खुर्चीवर बसला होता, त्यामुळं तो दोनदा हजर असल्यासारखा वाटत होता. क्लार्क मोबाइल उभा धरून संस्थेच्या फेसबुकवर सगळं थेट दाखवत होता. शिपाई तिळाच्या वड्यांचं ताट घेऊन फिरत होता.

“तिळगूळ घ्या, गोड बोला,” अण्णा माइकवर म्हणाले. “इथं कुणी जितलं तरी आपलंच, हारलं तरी आपलंच. दहा प्रश्न. ज्याचा हात आधी, त्याचं उत्तर. समोरच्याला पटलं न्हाई तर हरकत घ्यायची, हरकतीवर पंच बोलतील. पंचांनी काही सांगितलं न्हाई तर सरांजवळच्या कागदावर जे असंल ते.”

प्रश्न वाचायला हेडमास्तर विश्वंभर सर. प्रश्न आणि उत्तरं त्यांनी स्वतः जमवून बंद पाकिटात ठेवली होती. सर सज्जन होते, फक्त ‘बरोबर’ म्हणण्याआधी एकदा अण्णांकडे बघण्याची त्यांना सवय होती. पहिल्या प्रश्नाला, स्कॉटलंडची राजधानी कोणती, दिपानं एडिनबरो सांगितलं, सरांनी अण्णांकडे पाहिलं, अण्णांनी मान हलवली आणि एक गुण लागला.

दुसरा प्रश्न. लंडनमधला दोन मनोऱ्यांचा, मधून उघडणारा पूल.

“टॉवर ब्रिज,” पुजा म्हणाली.

“हरकत,” प्रज्ञेश उठला. “लंडन ब्रिज हाय ते. सगळं जग म्हणतंय.”

“सगळं जग चुकतंय,” शिला म्हणाली. “लंडन ब्रिज वेगळा. साधा पूल आहे तो.”

ग्यानोबा मामांनी शिवशंकरला विचारलं, “दोन्ही लंडनातच हाईत ना?”

“हो.”

“एकाच नदीवर?”

“हो, थेम्सवर.”

“मग काय. भाऊभाऊच हाईत. अर्धा तुला, अर्धा त्याला.”

शिला उभी राहिली. “मामा, भाऊभाऊ असले तरी दोघांचं नाव एक नसतंय.”

“मॅडम,” अण्णा हसून म्हणाले, “मैत्रीपूर्ण.” त्यांनी शिपायाला डोळ्यानं खुणावलं, आणि शिपायानं येऊन शिलाच्या हातावर तिळाची वडी ठेवली.

पाचव्या प्रश्नाला सरांनी विचारलं, बिग बेन हे कशाचं नाव आहे. पुजा म्हणाली, मोठ्या घंटेचं. प्रज्ञेशच्या पोरानं हरकत घेतली, घड्याळाच्या मनोऱ्याचं. मामा थोडा वेळ विचारात पडले.

“आपण औंढ्याला जाऊन आलो म्हणतो,” ते म्हणाले. “नागनाथाला जाऊन आलो असंबी म्हणतो. जाऊन आलो तर एकाच जागी ना? देऊळ काय आन देव काय. अर्धा-अर्धा.”

“मामा, प्रश्नात घंटा का मनोरा तेच विचारलंय.”

“तेच तर मिटवून राहिलो बाई.”

दुसरी वडी.

आठव्या प्रश्नाला सगळ्यांत लांब नदी आली. पुजानं सेव्हर्न सांगितलं आणि लांबीही सांगितली. समोरून हरकत आली, थेम्स. मामांनी निकाल दिला की थेम्स राजधानीतून जाते, राजा तिचं पाणी बघतो, तेव्हा मान तिचाच. पण लांबीलाही अगदीच नाही म्हणता येत नाही.

“प्रश्न मानाचा नाही, लांबीचा आहे,” शिला म्हणाली. तिचा आवाज आता खालच्या पट्टीत गेला होता. वर्गात तो आवाज लागला की मागच्या बाकावरची पोरं आपोआप सरळ बसत.

“लांबीला अर्धा दिला की,” मामा समजुतीनं म्हणाले.

तिसरी वडी तिनं घेतली नाही. शिपाई ती हातात धरून जरा वेळ तसाच उभा राहिला आणि मग त्यानंच खाल्ली.

शिला फळ्यावरचे गुण बघत होती. साडेचार आणि साडेचार. तीन अर्धे चोरीला गेले नसते तर पोरी कधीच जिंकल्या होत्या. पण चोरी म्हणायचीही सोय नव्हती, कारण चोरानं प्रत्येक वेळी अर्धं परत दिलं होतं आणि वर गोड बोला म्हटलं होतं. तिला वाटलं, उघड अन्याय परवडला. उघड अन्यायावर माणूस बोंबलू तरी शकतो.

दहावा प्रश्न.

“ग्रेट ब्रिटनमधलं सर्वांत उंच शिखर कोणतं?” विश्वंभर सरांनी वाचलं, आणि वाचून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आपण काय वाचलं. त्यांनी अण्णांकडे बघितलं नाही. भिंतीकडे बघितलं नाही. ते चपलेकडे बघत राहिले.

पुजाचा हात वर होता. “बेन नेविस. स्कॉटलंडमध्ये. एक हजार तीनशे पंचेचाळीस मीटर.”

माफी कुठंच नव्हती.

प्रज्ञेशनं हरकत घेतली नाही. तो मान खाली घालून बसला. सगळं सभागृह मात्र एकसाथ फोटोकडे वळलं. शेवटी अण्णा स्वतःच बोलले.

“मग हे काय हाय?” त्यांनी फोटोकडे बोट केलं.

“ते स्नोडन आहे अण्णा. वेल्समधलं,” शिला म्हणाली. “एक हजार पंच्याऐंशी मीटर.”

“म्हंजे माझं पोरगं दोनशे साठ मीटर कमी चढलं म्हणता तुमी.”

“पोरगं पूर्ण चढलंय. डोंगर कमी आहे.”

मागून कुणीतरी खुसखुसलं आणि लगेच खोकला आल्यासारखं केलं. शिवशंकर खुर्चीत सावरून बसला. “अण्णा, मी वेल्समधलं सर्वांत उंच म्हणून पाठवला होता फोटो. ती ओळ तुम्ही…”

“वेल्स ब्रिटनमध्ये येतं का न्हाई?”

“येतं.”

“झालं तर.”

ग्यानोबा मामांनी हात वर केला. “थांबा. घाई नका करू. शिवा, ते स्कॉटलंड येतं का?”

“येतं ना मामा. म्हणजे सध्या तरी आहे. मागं तिथं मतदान झालं होतं, वेगळं व्हायचं का म्हणून. नाही झाले. पण मागणी अजून असते.”

मामांचे डोळे चमकले. इतका वेळ पूल आणि घंटा यांत ते जरा परके होते. आता त्यांच्या ओळखीचं प्रकरण आलं. “वाटणी मागून राहिलेत म्हण की.”

“तसंच काहीसं.”

“सातबारा?”

“काय?”

“सातबारा सामाईक का अलग?”

शिवशंकरनं डोकं खाजवलं. “सामाईकच म्हणा.”

“आन चूल?”

“चूल थोडी वेगळी आहे. त्यांची विधानसभा वेगळी, कायदे वेगळे, नोटासुद्धा वेगळ्या छापतात.”

“मग सोपं हाय,” मामा अण्णांकडे वळले. “चूल अलग, सातबारा सामाईक. अशा पन्नास वाटण्या केल्यात आपण. स्कॉटलंड निम्मं आत, निम्मं भायेर. पोरीचं उत्तर निम्मं बराबर, फोटोबी निम्मा बराबर. अर्धा-अर्धा.”

सभागृहात टाळ्या पडल्या. लोकांना ते पटलं होतं, हे सगळ्यांत वाईट. फळ्यावर पाच आणि पाच झाले. टाळ्या थांबायच्या आत अण्णांनी खिशातून कागद काढून वाचायला सुरुवात केली: दोन्ही संघ समसमान ठरल्यानं येत्या जूनपासून भूगोलाचे तास दोन्ही शिक्षकांत निम्मे-निम्मे विभागण्यात येत आहेत.

शिला दुसऱ्या रांगेत होती. तिथून तिला कागद दिसला. तो टाइप केलेला होता.

ती कधी उठली ते तिलाही कळलं नाही. निम्म्या तासांनी दहावं वर्ष लागत नव्हतं. निम्म्या तासांसाठी दोन जिपा बदलून यायचं, आणि प्रज्ञेश उरलेल्या वेळात अण्णांच्या कार्यालयात बसणार. हे सगळं तिला समजत होतं. पण तिच्या अंगाची आग होत होती ती टाइप केलेल्या अक्षरांनी. पोरीनं महिनाभर पाठ केलं, आणि यांनी निकाल आधीच हिंगोलीहून टाइप करून आणला होता.

“मला शून्य द्या,” ती म्हणाली.

अण्णांनी चष्म्यावरून पाहिलं. “काय म्हणलात?”

“अर्धा नको. बेन नेविस चूक असेल तर शून्य द्या. प्रज्ञेश सर जिंकले, मी जूनपासून येत नाही. बरोबर असेल तर एक द्या. मधलं मला चालत नाही.”

“मॅडम, मैत्रीपूर्ण स्पर्धा हाय.”

“मैत्री राहू द्या बाजूला. डोंगर कुठं आहे ते बोला.”

मामांचा चेहरा पडला. पन्नास वर्षांत असं कुणी केलं नव्हतं. “बाई, तोड परत करता?”

“परत कशी करू मामा? कागद कुठंय?” शिला त्यांच्याकडे वळली. “तोंडी तोड देत नाही म्हणता ना तुम्ही? लिहून द्या मग. स्कॉटलंड निम्मंच ब्रिटनमध्ये आहे, खाली तिघांच्या सह्या. मी तो कागद वर्गात नकाशाशेजारी लावते. उद्या पोरींनी बोर्डाच्या पेपरात काय लिहायचं ते त्यांना कळलं पाहिजे. सह्या झाल्या की मी अर्धा गुणबी घेते आणि अर्धे तासबी घेते, एक शब्द बोलत नाही.”

यात तिचा काही डाव नव्हता. डाव सुचायला डोकं थंड लागतं. तिला एवढंच हवं होतं, की या माणसांची नावं या वाक्याखाली यावीत.

मामा मात्र उजळले. “बराबर हाय. बराबर हाय बाईचं. चार तोडी झाल्या आन कागद एकाचाबी न्हाई. शाळा हाय म्हणून मी ढिला पडलो. सर, कागद घ्या.”

विश्वंभर सरांनी सुवाच्य अक्षरात लिहून घेतलं. मामांनी सांगितलं तसं: ‘आम्ही खालील पंच असे ठरवतो की, स्कॉटलंड हे निम्मे ग्रेट ब्रिटनमध्ये असून निम्मे बाहेर आहे, सबब उत्तरास अर्धा गुण.’ मामांनी तीन अक्षरांची सही केली. त्यांना दीड मिनिट लागलं. अण्णांनी झोकात केली, खाली दोन रेघा ओढल्या. मग कागद शिवशंकरपुढं आला.

शिवशंकरनं पेन हातात घेतलं. कागद वाचला. परत वाचला. मग क्लार्ककडे पाहिलं.

“हे लाइव्ह चालू आहे का?”

“व्हय साहेब. एकशे चाळीस जण बघून राहिलेत.”

शिवशंकरनं पेन खाली ठेवलं. “मला नाही करता येणार सही.”

“काहून?” अण्णा म्हणाले. “गमतीचा कागद हाय.”

“पुढच्या महिन्यात माझा शपथविधी आहे अण्णा.”

मागच्या रांगेतल्या दोघातिघांनी टाळ्या वाजवल्या. शपथविधी म्हटल्यावर त्यांच्या डोळ्यांपुढं मंत्रिमंडळ आलं.

“नागरिकत्वाचा,” शिवशंकर खालच्या आवाजात म्हणाला, पण माइक जवळच होता. “तिथल्या. परीक्षा पास झालो, अर्ज मंजूर झाला. आता तिथल्या राजाच्या नावानं शपथ घ्यायची, आणि इथं मी लिहून द्यायचं की तुमचं राज्य निम्मंच आहे. ते लोक सगळं तपासतात. मी रिस्क नाही घेऊ शकत.”

“आन इथलं?” अण्णांनी विचारलं.

“इथलं सोडावं लागतं.”

“म्हंजे जिल्हा परिषद?”

शिवशंकरनं कागद मामांकडे सरकवला. अण्णांनी दोन निवडणुका तो गट पोरासाठी राखून ठेवला होता, हे सभागृहातल्या लेकराबाळांनाही माहीत होतं.

“म्हंजे तू येणार न्हाईस.”

“येईन ना अण्णा. सुट्टीला.”

अण्णा खुर्चीत मागं टेकले. एवढा मोठा माणूस एकाएकी आपल्याच घरी पाहुणा आल्यासारखा दिसायला लागला. शिलाला वाईट वाटायला सुरुवात झाली होती. मग तिला तो टाइप केलेला कागद आठवला आणि ते थांबलं.

ग्यानोबा मामांनी सह्यांचा कागद उचलला, उभा फाडला, आडवा फाडला. “एक सही अडली. तोड मोडली. सर, तुमच्या कागदावर काय लिहिलंय?”

विश्वंभर सरांनी पाकीट उघडलं. सवयीनं अण्णांकडे पाहिलं; अण्णा फोटोकडे बघत होते. मग सरांना आयुष्यात पहिल्यांदा एकट्यानं बोलावं लागलं. “बेन नेविस.”

“मग पुरा एक,” मामा म्हणाले.

फळ्यावर साडेपाच आणि साडेचार झाले. टाळ्या पडल्या, मगाशी पडल्या होत्या तितक्याच.

अण्णांना सावरायला दोन मिनिटं लागली. संस्थाचालकाला त्याहून जास्त लागत नाहीत. ते माइकपाशी आले. “निकाल मान्य. राठोड मॅडमला पुरे तास.” ते थांबले. “आन आपले प्रज्ञेश सर जूनपासून भूगोल विभागप्रमुख. मॅडम त्यांच्या मार्गदर्शनाखाली काम करतील. मैत्रीपूर्ण.”

पाच मिनिटांपूर्वी शाळेत भूगोलाचा विभाग नव्हता. आता त्यात एक माणूस होता आणि त्या माणसाला एक प्रमुख होता.

सभागृह रिकामं होत होतं. पुजा वह्या छातीशी धरून शिलाजवळ आली.

“मॅडम, आपण जितलो ना?”

“व्हय.”

“मग तुमी रागात काहून?”

शिलानं तिच्याकडे पाहिलं. खोटं सांगायचं तिच्या जिवावर आलं. “तू बरोबर सांगितलंस. ते बरोबर आहे म्हणायला एका माणसाला देश सोडावा लागला. म्हणून.”

पुजानं मान हलवली. कळलं की नाही कोण जाणे, पण तिनं ते नेविसच्या उंचीसारखं लक्षात ठेवलेलं दिसलं.

शिला फाटकाबाहेर जीपची वाट बघत उभी राहिली. ऊन कलायला लागलं होतं. प्रज्ञेश स्कूटर ढकलत आला, थांबला, निघाला, परत थांबला.

“मॅडम, एक विचारू का? मी काही मागितलं नव्हतं ते विभागप्रमुख वगैरे.”

“माहीत आहे.”

“त्यात करायचं काय अस्तंय?”

“सही.”

“कशावर?”

शिलानं पिशवीतून वही काढली, दोन पानांमध्ये कार्बन सरकवला आणि स्कूटरच्या सीटवर ठेवली. “लिहा. श्रीमती शिला राठोड यांना येत्या जूनपासून भूगोलाचे पुरे तास देण्यात येत आहेत. दहावं वर्ष सलग धरावं. खाली विभागप्रमुख. आजची तारीख.”

प्रज्ञेशनं पेन घेतलं, पण शाळेकडे मागं वळून पाहिलं. “अण्णांना विचारून घेऊ का? चिडतील.”

“चिडू द्या,” शिला म्हणाली. “पेन दाबून लिहा. खालच्या पानावर उमटलं पाहिजे.”